डोंगरावरून, की डोंगर कापून?

इटली म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये तीनच विषय निघतात. पिझ्झा, फुटबॉल आणि पिसाचा मनोरा. मनोरा तर सिव्हिलवाल्यांच्या पाचवीलाच पुजलेला. फाउंडेशनच्या पहिल्या लेक्चरला सरांनी त्याचा फोटो दाखवला नाही असं होतच नाही. मला मात्र या अंकात इटलीतल्या दुसऱ्याच एका गावाबद्दल लिहायचंय, जिथे काही वाकडं झालेलं नाही. हायवेच्या सेमिनारसाठी ‘अलाइनमेंट’ हा टॉपिक मिळाला आणि लायब्ररीत शोधता शोधता हे गाव सापडलं. सेमिनार झाला, मार्क्स मिळाले, पण गाव काही डोक्यातून जाईना. मी इटलीला गेलेले नाही. नकाशे, फोटो आणि पुस्तकं यांच्यावरच हा लेख उभा आहे.

गावाचं नाव तेराचीना. रोमच्या आग्नेयेला साधारण १०० किलोमीटरवर, समुद्राला लागून. वस्ती पंचेचाळीस हजारांच्या आसपास. उन्हाळ्यात रोमचे लोक इथल्या बीचवर येतात, त्यामुळे खालचं शहर म्हणजे हॉटेलं, छत्र्या आणि आइस्क्रीमची दुकानं. पण मान वर केली की डोंगराच्या उतारावर दगडी घरांचं दाटीवाटीचं जुनं गाव दिसतं. त्याच्याही वर, मोन्ते सांत आंजेलो नावाच्या २२७ मीटर उंच डोंगराच्या माथ्याशी, एका रोमन देवळाच्या कमानी रांगेत उभ्या आहेत. म्हणजे एकच गाव तीन मजल्यांवर. खाली बीच, मधे जुनं गाव, वर देऊळ.

मला प्रश्न पडला तो साधा होता. समुद्र खाली असताना लोक वर का राहिले? आणि वर राहत होते तर खाली कधी उतरले? त्याचं बरंचसं उत्तर रस्त्यात आहे.

तेराचीना आधी व्होल्स्की नावाच्या लोकांचं होतं आणि त्याचं नाव होतं आन्क्सुर. रोमनांनी ते जिंकलं आणि इसवीसनपूर्व ३२९ मध्ये तिथे आपली वसाहत वसवली. तीनशे माणसं पाठवली आणि प्रत्येकाला दोन युगेरा जमीन दिली, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वा एकर. सव्वा एकरात कुटुंब कसं जगणार हा प्रश्न मलाही पडला. पण ही माणसं शेतीपेक्षा पहाऱ्यासाठी पाठवलेली असावीत, कारण जागाच तशी आहे. इथे डोंगर थेट समुद्रात घुसतो. रोमकडून दक्षिणेला किनाऱ्याने जायचं तर या डोंगराला टाळता येत नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला पोंतिना नावाची प्रचंड दलदल. अशा जागी डोंगरावर बसलेला माणूस सगळ्यांवर लक्ष ठेवू शकतो.

सतरा वर्षांनी, इ. स. पू. ३१२ मध्ये, आप्पिउस क्लाउदिउस नावाच्या अधिकाऱ्याने रोमहून दक्षिणेला कापुआपर्यंत रस्ता काढला. हीच प्रसिद्ध व्हिया अप्पिया. आपल्याला हायवेच्या पुस्तकात रोमन रोडचा क्रॉस सेक्शन असतो ना, सगळ्यांचा पाठ असलेला, त्याच जातीचा हा रस्ता. नकाशावर पाहिलं तर रोमच्या बाहेरून निघालेली ही रेघ तेराचीनापर्यंत जवळजवळ सरळ येते, मधली दलदलसुद्धा सरळच ओलांडते. आणि मग समोर डोंगर येतो.

आता तुम्ही इंजिनिअर आहात असं समजा. (चौथ्या वर्षापर्यंत समजावंच लागतं.) डोंगर समुद्रात घुसलाय, कड्याच्या पायाशी लाटा आदळतायत. पर्याय तीन. डोंगरावरून जा, डोंगर कापून जा, किंवा डोंगराच्या पोटातून जा. आप्पिउसने पहिला घेतला. रस्ता गावात चढला, गावाच्या मधून गेला, वर देवळाच्या डोंगराच्या खांद्यावरून ओलांडला आणि पलीकडे उतरला. सुरुवातीचा खर्च कमी आणि वसाहत वरच होती, त्यामुळे गावाला रस्ता आपोआप मिळाला.

पण चढाची किंमत रोज मोजावी लागते. एक छोटं गणित करू. समजा बैलगाडी मालासकट ५०० किलोची आहे आणि सपाट फरसबंदीवर तिला ओढायला वजनाच्या ३ टक्के जोर लागतो, म्हणजे १५ किलो. आता चढ १० टक्के झाला की त्यात वजनाच्या १० टक्के आणखी मिळवा, म्हणजे ५०. एकूण ६५ किलो. चौपटीपेक्षा जास्त! गंमत अशी की काम, म्हणजे एनर्जी, फार नाही. एक टन माल १०० मीटर वर चढवायला ९८१ किलोज्यूल, म्हणजे विजेचं पाव युनिटच्या थोडं वर. हॉस्टेलच्या गीझरला तेवढ्याने बादलीभर पाणी धड तापत नाही. खरी अडचण ओढीची आहे. सपाटीवर जेवढे बैल पुरतात तेवढे चढावर पुरत नाहीत, म्हणून एक तर जास्त बैल जोडा नाही तर माल अर्धा करून दोन फेऱ्या मारा. आणि उतार तर चढापेक्षा वाईट, कारण गाडी बैलांच्या अंगावर येते.

या चढाचा एक साक्षीदारही आहे. रोमन कवी होरेस इ. स. पू. ३७ मध्ये रोमहून ब्रिंदिसीला गेला आणि त्या प्रवासावर त्याने कविता लिहिली. दलदलीच्या भागात रस्त्याला समांतर कालवा होता, त्यातून रात्री नाव जायची आणि काठावरून खेचर ती ओढायचं. डास आणि बेडकांनी त्याला झोपू दिलं नाही. सकाळी नावेतून उतरून, खाऊन, त्याने आन्क्सुरपर्यंतचे तीन मैल अगदी रखडत कापले असं तो सांगतो. पांढऱ्या खडकावरचं ते गाव लांबून चमकत होतं. कवीला खडक चमकताना दिसला, मला त्यात ग्रेडियंट दिसला. प्रत्येकाचा सिलॅबस वेगळा.

हा चढाचा रस्ता चारशे वर्षं चालला. मग दुसरा पर्याय हाती घेतला गेला, आणि इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो.

डोंगराचा समुद्रात घुसलेला शेवटचा सुळका आहे, त्याला पिस्को मोन्तानो म्हणतात. चुनखडीचा सलग खडक. हा सुळका रोमनांनी माथ्यापासून पायापर्यंत उभा कापला आणि लाटा व कडा यांच्यामध्ये रस्त्यापुरती जागा केली. हे काम साधारणपणे सम्राट ट्राजनच्या काळातलं मानतात. त्याची कारकीर्द इ. स. ९८ ते ११७. कापलेल्या भिंतीची उंची १२० रोमन फूट. रोमन फूट साधारण २९.६ सेंटिमीटरचा, म्हणजे साडेपस्तीस मीटर. आपलं हॉस्टेल तळमजला अधिक तीन आहे, तशी तीन हॉस्टेलं एकावर एक ठेवली की ही कटिंग होते. सुरुंगाची दारू नाही, कॉम्प्रेसर नाही. लोखंडी छिन्न्या, हातोडे, पाचरी आणि माणसं.

आणि त्या भिंतीवर आकडे कोरलेले आहेत. दर दहा फुटांना एक. वरून खाली मोजत यायचं. वर एक्स म्हणजे १०, मग एक्स एक्स म्हणजे २०, असं करत खाली रस्त्याजवळ सी एक्स एक्स, म्हणजे १२०. शाळेत सिस्टरनी रोमन आकडे पाठ करून घेतले होते तेव्हा मी मनात म्हणायची, घड्याळ सोडून हे कुठे लागणार आहेत? एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या साइटवरचं रीडिंग वाचायला लागले.

आकडे वरून खाली का वाढतात याचा जरा विचार करा. इमारत खालून वर बांधतात म्हणून तिची उंची खालून मोजतात. कटिंग मात्र वरूनच करावी लागते. खालून पोखरलं तर वरचा खडक डोक्यावर येईल. माथ्यावर एक सपाट बेंच करायचा, तो खाली खाली उतरवत न्यायचा. म्हणजे कामाचा शून्य बिंदू माथा आहे आणि आकडा सांगतो की आजपर्यंत किती खाली आलो. सर्व्हेइंगच्या भाषेत सांगायचं तर हे चेनेजच आहे, फक्त आडवं नाही, उभं.

हे आकडे कशासाठी कोरले असतील? एक मत असं निघू शकतं की शेखी मिरवण्यासाठी, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं म्हणून. तेही असेल. पण नुसती शेखीच मिरवायची असती तर खाली एकदाच १२० लिहून भागलं असतं. दर दहा फुटाला आकडा म्हणजे मला तरी एम.बी. वाटते. ज्यांनी सुट्टीत साइटवर ट्रेनिंग केलंय त्यांना मेजरमेंट बुक माहीत असेल. काम किती झालं याची नोंद त्यात होते आणि त्यावर बिल निघतं. कागदावरचा आकडा खोडता येतो. खडकावरचा कसा खोडणार? आपल्याकडे कित्येक कामांच्या एम.बी. कामाच्या आधीच संपतात असं ट्रेनिंगहून आलेले सिनियर्स सांगतात. इथे काम आणि नोंद एकाच दगडात आहेत, वेगळी करताच येत नाहीत.

याच डोंगराच्या माथ्याशी रोमन इंजिनिअरांचं दुसरं मोठं काम आहे, ते देवळाचं. ज्युपिटर आन्क्सुरचं देऊळ या नावाने ते ओळखलं जातं, इ. स. पू. पहिल्या शतकातलं. मूळ देऊळ सुमारे ३३ बाय २० मीटरचं होतं, त्याचा आता पायाच उरलाय. पण ज्या चौथऱ्यावर ते उभं होतं तो चौथरा जसाच्या तसा आहे. उतारावर सपाट जागा हवी असेल तर सोपा उपाय म्हणजे कडेला रिटेनिंग वॉल बांधा आणि मागे भराव टाका. पण सॉइल मेकॅनिक्समध्ये आपण शिकलोय की मातीचा आडवा दाब उंचीच्या वर्गाने वाढतो. भिंत दुप्पट उंच केली की दाब चौपट आणि भिंत उलथवणारा मोमेंट आठपट. रोमनांकडे हे सूत्र नव्हतं, पण पडलेल्या भिंती त्यांनी नक्की पाहिल्या असतील. त्यांनी भराव टाकायचंच टाळलं. समुद्राच्या बाजूला बारा मोठ्या कमानी आणि त्यांच्या मागे लांब बोगद्यासारखी गॅलरी, अशी पोकळ रचना केली. पोकळीला आडवा दाब नसतो! चुन्याचं काँक्रीट आणि बाहेरून मुठीएवढ्या ओबडधोबड दगडांचं जडावकाम. त्या चौथऱ्यावरून समोर चिर्चेओचा डोंगर आणि समुद्रात पोन्झाची बेटं दिसतात. फोटोत बघूनच मन भरतं.

बरं, रस्ता खाली आला. पुढे काय झालं? जे बायपासमुळे होतं तेच. माझ्या मामाचं गाव हायवेवर आहे, म्हणजे होतं. बायपास झाल्यावर तीन किलोमीटरवरून गाड्या सुसाट जायला लागल्या आणि मामाच्या हॉटेलात दुपारी माश्या मारायची वेळ आली. मामा म्हणतो, रस्ता चांगला झाला हे खरंच आहे, मी नाही कुठे म्हणतोय. पण नकाशावर रेघ ओढणाऱ्याला माझं हॉटेल दिसलं होतं का?

तेराचीनात माणसं रस्त्यामागून खाली उतरली. साम्राज्याच्या काळात खाली बंदर झालं, स्नानगृहं झाली, प्रेक्षागार झालं. वरचं गाव ओस पडलं असं मात्र नाही. वर चौक होता, फोरुम एमिलियानो. आउलुस एमिलिउस नावाच्या माणसाने त्याची फरसबंदी करून दिली आणि आपलं नाव त्याच फरशीवर मोठ्या अक्षरांत कोरून ठेवलं. (नाव लिहायची हौस कुठल्याही देशात सारखीच. आपल्या बसथांब्यांवर बघा.) अप्पियाचा जुना रस्ता याच चौकाला लागून जातो.

मग साम्राज्य मोडलं आणि उलटा प्रवास सुरू झाला. बंदर गाळाने भरत गेलं. दलदलीवर लक्ष द्यायला कुणी राहिलं नाही, ती पसरली आणि तिच्याबरोबर मलेरिया. समुद्रावरून हल्ले व्हायला लागले. जो रस्ता सोय म्हणून खाली आणला होता त्याच्याच कडेला राहणं धोक्याचं झालं. लोक परत वर, तटबंदीच्या आत. जागा कमी आणि माणसं जास्त, म्हणून रोमन इमारतींमध्येच घरं घातली. मुख्य देवळाचं कॅथेड्रल झालं, सान चेझारेओ. १०७४ मध्ये त्याचं विधिवत अर्पण झालं. आजही त्याच्या दाराशी जाताना रोमन देवळाच्याच पायऱ्या चढाव्या लागतात. १०८८ मध्ये रोम शहर विरोधी पोपच्या लोकांच्या ताब्यात होतं, म्हणून नव्या पोपची निवड इथे झाली. तो अर्बन दुसरा. सात वर्षांनी पहिल्या क्रुसेडची हाक याच पोपने दिली. आमच्या शाळेच्या इतिहासात क्रुसेड होतं, तेराचीना नव्हतं.

अठराव्या शतकाच्या शेवटी गाव पुन्हा खाली उतरलं, आणि या वेळीही कारण इंजिनिअरिंगचंच. पोप पायस सहावा याने १७७७ पासून दलदलीतलं पाणी काढायचं काम हाती घेतलं. अप्पियाच्या कडेने लांब सरळ कालवा खणला, गाळात बुडालेला रस्ता मोकळा केला, आणि तेराचीनात समुद्राकाठी नवी वस्ती आखली. जर्मन कवी गटे १७८७ मध्ये नेपल्सला जाताना याच रस्त्याने गेला. दलदल पूर्ण आटली नाही, ते काम १९३० च्या दशकात पंप लावून झालं. पण गाडीरस्ता चालू झाला आणि त्याच्यामागे खालचं गावही.

रोमन चौक एवढा शाबूत कसा राहिला याचं उत्तर आता मिळतं. तो कुणी जपला नाही, तो वापरला गेला. शेकडो वर्षं त्याच फरशीवरून लोक चालले आणि अजून चालतात. तो आजचा नगरपालिकेचा चौक आहे. देवळात घरं होती म्हणून देवळाचे दगड कुणी उचलून नेले नाहीत. घर पाडून दगड विकणार कोण?

दुसऱ्या महायुद्धात हे सगळं ढवळलं गेलं. नेपल्सहून रोमकडे जायचा रस्ता हाच, त्यामुळे बॉम्बही इथेच. मे १९४४ मध्ये अमेरिकन फौजांनी गाव घेतलं तोवर वरच्या वस्तीतली बरीच घरं कोसळली होती. ढिगारे उपसताना खालून रोमन देऊळ निघालं, काळ्या-पांढऱ्या दगडांच्या तिरक्या जाळीच्या भिंतींचं कापितोलियम. शेजारी घरांखाली गाडलेलं रोमन नाट्यगृहही होतं. पुरातत्त्ववाल्यांना पर्वणीच! पण फोटो बघताना मला वाटत राहतं की त्या देवळावर कुणाची तरी स्वयंपाकघरं होती. टुरिस्ट गाइडमध्ये देवळाचं माप असतं. घरांची यादी कुठे दिसत नाही.

तिसरा पर्याय राहिला, डोंगराच्या पोटातून. तो रेल्वेने घेतला. रोम ते फोर्मियामार्गे नेपल्स ही नवी लाइन १९२७ मध्ये सुरू झाली. ती तेराचीनाला येतच नाही, आतल्या बाजूने मोन्ते ओर्सोच्या सुमारे साडेसात किलोमीटर लांब बोगद्यातून निघून जाते. गावाला मिळाली ती मेन लाइनवरून येणारी जुनी फाट्याची लाइन. २०१२ मध्ये डोंगरावरून दगड कोसळले आणि ती गाडीही थांबवावी लागली. ट्राजनच्या लोकांनी कापलेली उभी भिंत शतकानुशतकं उभी आहे आणि शेजारच्या न कापलेल्या डोंगराने रेल्वे बंद पाडली, यावर जिओटेकच्या ओरलला छान प्रश्न होईल. सरांनी लेख वाचला तर येणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. (हिंट : खडकाची ताकद वेगळी आणि खडकातल्या फटींची दिशा वेगळी.)

एक बातमीही सांगते, कारण ती आपल्याच देशात घडली. २०२४ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची बैठक नवी दिल्लीत भरली होती. त्या बैठकीत व्हिया अप्पिया जागतिक वारशाच्या यादीत गेली. आपल्या पेपरांत आसामच्या मोईदामची बातमी मोठी आली, ते बरोबरच आहे. अप्पिया बहुतेकांच्या नजरेतून सुटली असेल.

ज्यांना स्वतः बघायचंय त्यांनी कॉम्प्युटर लॅबमध्ये उपग्रहाचा नकाशा उघडावा (सबमिशन नसेल त्या दिवशी). रोमच्या दक्षिणेला सरळ रेघेसारखा जाणारा रस्ता पकडा. त्याच्या कडेने कालवा दिसेल, तो पायस सहाव्याचा. तसेच समुद्राकडे सरकत या. रेघ डोंगराला टेकते तिथे झूम करा. डावीकडे वर दाटीवाटीची लाल छपरं, मधे मोकळा चौक. त्याच्या पूर्वेला डोंगर जिथे पाण्याला भिडतो तिथे एक रस्ता खडक आणि समुद्र यांच्यामधून अंग चोरून पुढे जातो. वरून आकडे दिसत नाहीत. ते बघायला रस्त्याच्या पातळीवरचा फोटो लावा, कड्याकडे वळा आणि खालून वर वाचा : १२०, ११०, १००...